म्हाताऱ्या गाढविणीला गाडीत चढवण्याआधी

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीवाडीत राहते. आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पावसाळ्यापासून एक म्हातारी गाढवीण असते. कमरेची हाडं वर आलीत, पुढच्या पायांची खुरं वाढून मोजडीसारखी वर वळलीत, पाठीवर जखम आहे आणि तिच्यावर कायम माश्या. सोबत एक तरणं गाढव असतं, ते तिला सोडून हलत नाही. लोक म्हणतात, दोन्ही एका वीटभट्टीवाल्याची आहेत. दिवाळी झाली की तो तरण्याला घेऊन जाईल आणि म्हातारीला इथंच टाकेल. मी रोज भाकरी, केळी, गुळाचा खडा घालते. एका संस्थेनं तिला ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. येत्या रविवारी छोटा हत्ती ठरवून तिला पोचवावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, दुसऱ्याचं जनावर उचललं तर चोरीचा आळ येईल. शेजारचे म्हणतात, सरळ पोलिसात तक्रार दे. जाऊबाईंचं म्हणणं, एवढे हाल बघण्यापेक्षा इंजेक्शन देऊन तिला मोकळं करावं. काय करू?
– एक वाचक, सांगलीवाडी

ताई,

रविवारची गाडी रद्द करा. संस्थेला कळवा की जनावर येणार आहे, पण तारीख डॉक्टर ठरवतील. तुमच्या पत्रात चौघांचे चार बेत आहेत आणि त्यांत सगळ्यात घातक बेत तुमचा आहे, म्हणून हे आधी लिहितोय. ती गाढवीण त्या प्लॉटमध्ये आणखी दोन-तीन आठवडे काढू शकेल. पण सोबत्यापासून तोडून, दुखऱ्या पायांवर, टेम्पोत हिंदकळत नेली तर संस्थेच्या दारात ती जिवंत उतरेलही, पुढचा आठवडा काढेल याची खात्री मी देणार नाही.

कारण सांगतो. गाढव मूळचं आफ्रिकेतलं, कोरड्या मुलखातलं. वाळकं, निकस काहीही खाऊन ते तग धरतं आणि जादा मिळालं की चरबी करून साठवतं. पण त्याचं खाणं अचानक तुटलं तर ही साठवण एकदम रक्तात उतरते आणि तो ओघ आवरणं त्याच्या शरीराला जमत नाही. अशा जनावराचं रक्त काढून बाटली उभी ठेवली तर वरचं पाणी दुधासारखं पांढुरकं दिसतं. यकृत आणि मूत्रपिंडं चरबीनं भरतात. डॉक्टर याला हायपरलिपीमिया म्हणतात. लठ्ठ गाढवाला याचा धोका जास्त, पण हाडं वर आलेल्या म्हातारीला तो टळला असं नाही. एक-दोन दिवस पोटात नीट काही गेलं नाही तरी सुरुवात व्हायला पुरतं, आणि एकदा जोर धरला की वाचणारी जनावरं थोडीच. खाणं तुटतं कशानं? प्रवासानं, नव्या जागेनं, सोबती गेल्यानं, दात दुखल्यानं, चारा एकाएकी बदलल्यानं. तुमच्या रविवारच्या बेतात हे सगळं एकाच दिवशी येतं.

दुसरं असं की गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा पोटात कळ आली की लोळतो, पाय झाडतो, घामाघूम होतो. गाढव मान खाली घालून एका जागी उभं राहतं आणि बघणारे म्हणतात, गरीब जनावर आहे. चाऱ्याला तोंड लावून नुसतं हुंगत असेल, लेंडकं कमी पडत असतील, सोबत्यापासून बाजूला जाऊन उभं असेल, तर ते आजारी आहे असंच धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं.

आता तुम्ही आजपासून काय करायचं ते. पहिली गोष्ट पाणी. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली ती जिथं ते पडलं होतं तिथंच. त्याला उचलून रामेश्वराला नेलं नाही. तुम्हीही तिथंच सुरुवात करा. गाढव पाण्याच्या बाबतीत भलतं चोखंदळ असतं. शेवाळलेल्या, वास येणाऱ्या पाण्याला ते तहानेनं व्याकूळ असलं तरी तोंड लावत नाही. एक रुंद बादली तिच्यासाठी बाजूला काढा, रोज घासा, दोन वेळा भरा. ही बादली पुढे तिच्याबरोबर गाडीतही जाणार आहे, कारण नव्या जागी नव्या भांड्यातलं पाणी ती कदाचित पिणार नाही.

मग चारा. गाढवाला गुळाची चव काय, असं आपण म्हणत आलो; चव त्याला झकास कळते, आणि म्हणूनच तुमची वाट बघत उभी असते ती. पण गूळ, केळी, ऊस, शिळ्या भाकऱ्या, भात, पेंड हे सगळं बंद करायचं. एका दिवसात नको, तीन-चार दिवसांत कमी करत न्या. पिठूळ आणि गोड खाणं एकदम पोटात गेलं की पोटशूळ होतो, खुराच्या आतल्या मऊ भागाला सूज येते, आणि आधीच वाकड्या झालेल्या पायांवर ते सोसवत नाही. गाढवाला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलेलं बाहेर काढायची सोयही नाही. तिला हवा तो गव्हाचा भुसा किंवा ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी. म्हातारीचे दात कसे आहेत कळेपर्यंत कुट्टी पाण्यात तासभर भिजवून द्या, वरून मूठभर गव्हाचा कोंडा चालेल. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. शंभर किलोच्या आसपासच्या गाढवाला दिवसाला साधारण दीड किलो कोरडा चारा पुरतो. तिला भरून काढायचं असलं तरी सुरुवात त्याच्या आतूनच करायची आणि आठवड्याभरात हळूहळू वाढवायची. उपासमार झालेल्या जनावराला पहिल्याच दिवशी पोटभर पौष्टिक घातलं तर त्या खाण्यानंच ते कोसळतं.

ती खात असताना जरा समोर उकिडवं बसून बघा. चावताना मान एका बाजूला तिरकी करते का? तोंडातून चघळलेल्या चाऱ्याचे ओले गोळे खाली पडतात का? पडत असतील तर दाढांना कंगोरे आले आहेत, नाहीतर दाढा पडल्या आहेत; गालाला आतून जखमाही असतील. मग तुम्ही कितीही घातलं तरी पोटात जाणार नाही. ते गोळे एका कागदावर गोळा करून मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. आणि तिची तब्येत डोळ्यांनी ठरवू नका, हातानं ठरवा. म्हाताऱ्या गाढवाचे केस लांब आणि गुंतलेले असतात, त्याखाली बरगड्या लपतात. तळहात सपाट ठेवून खांद्यामागून कमरेपर्यंत फिरवा. पोट खाली लोंबलेलं दिसलं म्हणून खाऊन सुटलंय असं समजू नका. ते जंतांनी असू शकतं. किंवा, सोबतचं तरणं गाढव नर असेल तर, ती गाभणही असू शकते. वय झालं म्हणून गाढवीण गाभण राहायची थांबते असं नाही, आणि गाभण असेल तर मघाचा चरबीचा धोका दुप्पट धरा. डॉक्टरला हे आवर्जून विचारा.

जखमेवर घरगुती काही लावू नका. आपल्याकडे जळकं ऑइल, फिनेल, डिझेल-हळद अशी औषधं हमखास सुचवली जातात. त्यानं माश्या जातात आणि कातडीही जाते. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, एवढंच. आत अळ्या वळवळताना दिसल्या तर वाट बघू नका. घोडा-गाढवांना धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या. आणि एक सावधगिरी तुमच्यासाठी : तिला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, विचित्र आवाज काढत ती अंगावर येत असेल किंवा मोकाट कुत्र्यानं चावल्याचं कुणी बघितलं असेल, तर तोंडात हात घालायचा नाही, जवळही जायचं नाही. रेबीज गाढवालाही होतो.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येतो. ते बरोबर बोलतायत. जनावर कायद्यानं मालमत्ता आहे, आणि मालकाला न विचारता नेलं तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी तक्रार तुमच्यावर होऊ शकते. आणि ती गाढवं बेवारस नाहीतच. आपल्या कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीच्या पुढे माती-भट्टीचं काम सुरू होतं ते पुढच्या पावसापर्यंत. मधल्या महिन्यांत गाढवांना काम नसतं, चारा विकत घालणं परवडत नाही, मग ती मोकळी सोडतात. सांगली-मिरजेत, कराडला, इस्लामपूरकडे पावसाळ्यात उकिरड्यावर जी गाढवं दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणांना मालक असतो आणि त्याला आपलं जनावर कुठल्या गल्लीत आहे हेही माहीत असतं. तेव्हा त्याला शोधा. अवघड नाही. जवळच्या भट्टीवर, परटाच्या घाटावर, चहाच्या टपरीवर विचारलंत तर संध्याकाळपर्यंत नाव कळेल.

या माणसाशी बोलणं हे तुमच्या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडार, बेलदार, कुंभार, परीट, कैकाडी अशा घरांत गाढव म्हणजे भांडवल. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात गाढवाचा भाव दात बघून ठरतो. दुवान, चौवान, अखंड अशी भाषा चालते तिथं. तुमच्या म्हातारीला तिथं कुणी विचारणार नाही. म्हणजे हा माणूस तिला विकू शकत नाही, राबवू शकत नाही, आणि बसवून खायला घालण्याइतका पैसा त्याच्या हातात नाही. त्यानं तिला सोडलं यात निष्काळजीपणा आहेच, मी त्याची वकिली करत नाही. पण त्याच्या दारात जाऊन पहिलं वाक्य "तुम्हाला लाज वाटत नाही का?" असं म्हणालात, तर पुढचं वाक्य ऐकायला तो थांबणार नाही, आणि रातोरात गाढवीण दुसऱ्या गावच्या वेशीला सोडलेली असेल. असं होतं, ताई. दमदाटी झाली की जनावर गायब होतं.

त्यापेक्षा म्हणा, "काका, तुमची म्हातारी आमच्या मागं असते. तिचे पाय लई वाढलेत. डॉक्टर बोलावतेय, तुम्ही जरा धरायला याल का?" धरायला बोलवा. जनावर त्याचं ऐकतं, तुमचं नाही. डॉक्टर तपासत असताना तो समोर असला की दात, पाय, जखम सगळं त्याला दिसतं आणि तुम्हाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मग विचारा : हिला सांभाळणारी जागा आहे, देता का? बहुतेक जण देतात. तोंडी हो वर थांबायचं नाही. साध्या कागदावर लिहून घ्या – जनावर माझ्या मालकीचं आहे, वयामुळे कामाचं राहिलेलं नाही, मी ते राजीखुशीनं अमुक संस्थेला कायमचं देत आहे, पैसे घेतलेले नाहीत. सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, तारीख, आणि जनावराचे दोन्ही बाजूंनी फोटो. कानाला काप किंवा अंगावर डाग असेल तर त्याचा जवळून.

पैसे घेतलेले नाहीत, हे मुद्दाम लिहिलंय. तो दोन-चार हजार मागेल कदाचित, आणि तुम्हाला वाटेल, टाकू देऊन. नका देऊ. म्हाताऱ्या गाढवाला गिऱ्हाईक मिळतं असं एकदा कळलं की पुढच्या पावसाळ्यात तुमच्या प्लॉटमध्ये आणखी दोन उभी असतील. खर्चच करायचा असेल तर त्याच्या तरण्या गाढवाची खुरं त्याच दिवशी करून द्या, त्यालाही जंताचं औषध द्या. त्याचा त्याला फायदा आहे आणि जनावराला तर आहेच.

शेजाऱ्यांच्या पोलीस तक्रारीबद्दल. कायदा आहे. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये म्हाताऱ्या, जखमी जनावराला कामाला जुंपणं, मालकानं त्याला पुरेसं अन्नपाणी न देणं, उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचे पन्नास रुपये, आजही पन्नासच. तक्रार केलीत तर तो पन्नास भरेल, गाढवीण त्याचीच राहील आणि तुमच्याशी बोलणं बंद होईल. म्हणून तक्रार हे शेवटचं हत्यार. ते कधी काढायचं? जखमेवर पालाण टाकून तो तिला पुन्हा ओझ्याला लावायला लागला तर. किंवा शोधूनही मालक सापडलाच नाही तर. तेव्हा पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनामा करून मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीही असते, तिथंही एक प्रत पाठवा. बेवारस जनावर संस्थेत हलवायला हा कागद लागतोच.

डॉक्टरसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर लावा. सरकारी फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावर मिळतं. सांगलीत ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून बैल, गाढवं, घोडे अशा ओझ्याच्या जनावरांसाठी काम करते, भट्टीवरच्या गाढवांचं काम त्यांना नवीन नाही. तुमची संस्था तीच नसेल तर त्यांच्याशी बोलून ठेवायला हरकत नाही. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर दिवसभर गाई-म्हशींत असतात, म्हणून एक गोष्ट तुम्हीच लक्षात ठेवा. गाईचं अंग ३८.५ अंश सेल्सियस असलं तर ठीक. गाढवाचं नेहमीचं तापमान ३६.५ ते ३७.८ अंश. म्हणजे गाईत जो आकडा बिनघोर, तो गाढवात ताप. डॉक्टर आकडा लिहून घेतील तेव्हा नम्रपणे विचारा, "गाढवाला एवढं चालतं ना?" चांगला डॉक्टर रागावत नाही. दातांचं किंवा खुराच्या एक्स-रेचं काम गुंतागुंतीचं निघालं तर ते शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांशी फोनवर बोलू शकतात. म्हातारीला तिकडे घेऊन निघू नका, फार लांब आहे.

खुरांसाठी नालबंद लागेल. अडला हरी म्हणतात तसं इथं खरोखरच गाढवाचे पाय धरायचे आहेत, पण धरणारा जाणता हवा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर बैलांना पत्री मारणारे नालबंद भेटतील. बैलाच्या दोन फाकांच्या खुरात त्यांचा हात बसलेला असतो. गाढवाचं एकसंध, उभट खूर वेगळं. तेव्हा घोड्यांची खुरं करणारा माणूस शोधा आणि डॉक्टर समोर असतानाच काम करा. गाढवाला नाल ठोकायची गरज नाही, फक्त छाटायचं. आणि वर वळलेलं ते टोक बघून एका फटक्यात सगळं उडवायचा मोह नालबंदाला होतो, तो होऊ देऊ नका. खूर वाकडं वाढत असताना आतली हाडं आणि शिरा त्या वाकडेपणाला सरावलेल्या असतात. एकदम सरळ केलं की ती चालूच शकत नाही. थोडं छाटायचं, काही आठवडे जाऊ द्यायचे, पुन्हा थोडं. म्हातारीच्या सांध्यांत वात असणार, त्यामुळे पाय फार वर उचलायचा नाही आणि फार वेळ धरायचा नाही. एक पाय, मग विश्रांती. दुखण्याचं औषध डॉक्टरच देतील. घरातली माणसांची गोळी भाकरीत दडवून घालू नका.

आता त्या तरण्या गाढवाबद्दल. तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली. गाढवांची जोडी जमते ती घट्ट जमते. एकत्र चरतात, एकमेकांची मान खाजवतात, एक आडोशाला गेलं तरी दुसरं ओरडतं. जोडी तोडली की मागं राहिलेलं खाणं टाकतं, आणि खाणं टाकलं की काय होतं ते वर लिहिलंच. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तरी दिवाळीनंतर मालक तरण्याला नेईल त्या दिवशी म्हातारीवर हा प्रसंग येणारच आहे. तुमची खरी मुदत ती, रविवार नाही. दिवाळीच्या आधी तिचे दात, जखम आणि पहिली खुरछाटणी उरकलेली पाहिजे, म्हणजे ती त्या धक्क्याला जरा ताकदीनं सामोरी जाईल.

दोघांनाही संस्थेत नेता आलं तर प्रश्नच मिटतो, पण मालक कमावतं जनावर देणार नाही आणि तसा हट्ट धरलात तर म्हातारीही हातची जाईल. मधला मार्ग असा : त्याला विचारा की भट्टी सुरू व्हायच्या आधी आठवडाभर तरण्याला म्हातारीबरोबर संस्थेत राहू देशील का? ने-आणीचं भाडं तुम्ही द्या. इथं मात्र खर्च करा. त्या आठवड्यात म्हातारी जागेला, पाण्याला, चाऱ्याला सरावते आणि तिथल्या एखाद्या शांत गाढवाशी तिची ओळख होते. मग तरणं परत गेलं तरी ती अगदी एकटी पडत नाही. मालक ऐकला नाही तर संस्थेला सांगून तिच्या शेजारच्या कप्प्यात दुसरं म्हातारं गाढव ठेवायला लावा, पहिल्या दिवसापासून. पुढचे दोन-तीन आठवडे ती रोज किती खाते आणि किती लेंडकं टाकते हे कुणीतरी वहीत लिहायला हवं. प्रवासाचा धक्का कधी कधी इतक्या दिवसांनी दिसतो.

यावरून संस्थेबद्दल. त्यांनी हो म्हटलं याचा आनंद आहे, पण तुम्ही स्वतः जाऊन आलात का? नसाल तर आधी जा. तिथं दुसरी गाढवं आहेत का, की नुसती गोशाळा आहे, हे बघा. गोशाळेत दावणीला दोन प्रकारचा धोका असतो. एक शिंगांचा, तो दिसतो. दुसरा पोत्यातल्या पशुखाद्याचा. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोडा आणि गाढव त्यानं मरतात, अगदी थोड्यानंसुद्धा. तेव्हा तिचा चारा वेगळा, टोपलं वेगळं. डोक्यावर पत्रा हवा, कारण गाढवाच्या केसांतून पावसाचं पाणी निथळत नाही, आत मुरतं. जमीन कोरडी हवी. नव्या जनावराला काही दिवस वेगळं ठेवतात का, ग्लँडर्सची रक्ततपासणी मागतात का, तेही विचारा. हा घोडा-गाढवांचा रोग माणसालाही होतो, म्हणून तपासणी मागणारी संस्था अडवणूक करते असं समजू नका, उलट ती काम नीट करते. आणि जी संस्था भेट द्यायला नको म्हणेल, फोटो पाठवतो म्हणून टाळेल, तिच्याकडे जनावर सोडू नका. देशात २०१२च्या पशुगणनेत गाढवं ३ लाख २० हजारांच्या आसपास होती, २०१९ला १ लाख २० हजार उरली. यंत्रं आली हे एक कारण; कातड्यासाठी आणि मांसासाठी होणारी चोरटी विक्री हे दुसरं. "आम्ही सांभाळतो, द्या" म्हणणारा प्रत्येक जण सांभाळणाराच असतो असं नाही.

गाडीचं थोडक्यात. डॉक्टरचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला आणि मालकाचा कागद ड्रायव्हरजवळ हवा. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत दाखला लागतो असं आहेच, शिवाय वाटेत कुणी गाडी अडवली तर तोच उपयोगी. हौद्यात वाळू आणि वर पाचटाचा जाड थर घाला, पत्र्यावर खुरं सरकतात. गाडी बांधाला किंवा एखाद्या ओट्याला उलटी लावा, म्हणजे चढ सपाट होतो. पायात दोर घालून पाडणं, शेपूट पिळणं, कान ओढणं यातलं काही होऊ देऊ नका. गाढव घाबरलं की पळत नाही, थिजतं. त्याला आपण अडेल म्हणतो. तरण्याला आधी चढवा, भुश्याचं टोपलं पुढं ठेवा आणि वाट बघा. अर्धा तास लागला तर लागू दे. पहाटे निघा, ड्रायव्हरला गतिरोधक जपून घ्यायला सांगा.

जाऊबाईंचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. त्यांना दगड काळजाची समजू नका. गाढव नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं, त्यामुळे "म्हातारी झाली" एवढ्यावर कुणी इंजेक्शन देऊ नये. पण डॉक्टरनं तपासून सांगितलं की खुराच्या आत हाड फिरलंय, औषध देऊनही ती चारी पायांवर उभी राहू शकत नाही, किंवा दाढा इतक्या गेल्यात की भिजवलेलंही गिळत नाही, तर तिला गाडीत घालून संस्थेत मरायला पाठवणं हा आपल्या मनाच्या समाधानाचा भाग झाला, तिच्या नाही. तसं झालं तर ते तिच्या ओळखीच्या जागी, डॉक्टरच्या हातून, मालकाच्या संमतीनं होऊ दे. तरण्या गाढवाला तिच्याजवळ थोडा वेळ उभं राहू द्या. ते हुंगेल, कदाचित ढोसेल, मग आपणहून बाजूला जाईल. मेलेलं न बघता सोबती नाहीसा झाला की ती दिवसेंदिवस शोधत फिरतात. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या वर्णनावरून इतकी वेळ आलेली दिसत नाही. ती रोज तुमच्या गुळाच्या खड्यासाठी चालत येते ना? मग पाय दुखत असले तरी तिला यायचं आहे.

उद्या सकाळी १९६२ला फोन लावाल तेव्हा जनावर गाढव आहे आणि दात व खुरं बघायची आहेत हे आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर त्या तयारीनं येतील. दाढांचं काय निघालं ते मला कळवा. कुट्टी चालू ठेवायची की भिजवलेल्या लगद्यावर यायचं, ते त्यावर ठरेल.